ठिणगी नेमकी केव्हा पडते?

मी शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवतो. मोटारीचा धंदा माझा नव्हे. तरीही आज मोटारीच्या इंजिनाविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे, त्याला कारण झाले बरकतपुऱ्यातील एका लहानशा गॅरेजात घालवलेले तीन रविवार. माझा एक जुना विद्यार्थी तेथे आपल्या मोटारीवर काम करीत असतो. गाडी जुनी, चार सिलिंडरांची, पेट्रोलवर चालणारी. तिच्यावर त्याने एका जपानी गाडीतून निघालेला सुपरचार्जर बसविला आहे. ती सार्वजनिक रस्त्यासाठी नाही. कोईमतूरच्या कारी धावमार्गावर एकदा ती पळवावी, एवढीच त्याची हौस. परंतु ह्या हौसेपायी त्याचे पहिले इंजिन निकामी झाले होते. तिसऱ्या सिलिंडरातील दट्ट्या, म्हणजे पिस्टन, काठाशी वितळून फुटला होता. दुसरे इंजिन त्याने कर्ज काढून आणले, आणि ते सुरू करण्यापूर्वी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, हिशेब सगळा बरोबर आहे, पडद्यावरचे आकडेही बरोबर आहेत, मग दट्ट्या का वितळला?"

हा प्रश्न समजून घेण्यासाठी आधी इंजिनाच्या पोटात डोकावले पाहिजे.

पेट्रोल आणि हवा ह्यांचे मिश्रण दट्ट्या वर सरकताना दाबले जाते आणि मग ठिणगी पडून ते पेटते. दट्ट्या अगदी वरच्या टोकाला पोहोचला की ठिणगी पडत असावी, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तसे असते तर इंजिन चालले असते, पण रडतखडत. कारण मिश्रण पेटण्यास वेळ लागतो. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर पसरण्यास साधारण दोन सहस्रांश सेकंद लागतात असे धरू. हा काळ आपल्याला क्षुल्लक वाटतो. परंतु मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा २० सहस्रांश सेकंदांत पुरा होतो. म्हणजे ज्योत पसरेपर्यंत क्रँक ३६ अंश फिरून जातो. म्हणून ठिणगी आधीच टाकावी लागते. दट्ट्या वर पोहोचण्याच्या २५-३० अंश अगोदर ती पडली, तर ज्वलनाचा सर्वांत मोठा दाब दट्ट्या खाली वळल्यानंतर पंधराएक अंशांवर येतो, आणि तेथेच तो दाब क्रँकला उत्तम रीतीने ढकलू शकतो. पाळण्याला झोका देणारी आई पाळणा परत फिरल्यावरच हात लावते. तो अंगावर येत असताना नव्हे.

पूर्वीच्या पुष्कळ मोटारींत सुकाणूच्या चाकाजवळ एक लहानसा दांडा असे. वेग वाढला की चालक तो सरकवून ठिणगी लवकर पाडी, आणि चढावर इंजिन कण्हू लागले की मागे घेई. पुढे हे काम डिस्ट्रिब्यूटरमधील फिरत्या वजनांनी आणि पोकळीवर चालणाऱ्या पडद्याने उचलले. आता ते काम एक इवलासा संगणक करतो. त्याच्यापाशी एक कोष्टक असते: एका बाजूस इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूस आत शिरणाऱ्या हवेचा दाब, आणि प्रत्येक चौकटीत ठिणगीचा अंश.

सुपरचार्जर आला की ह्या कोष्टकाला वेगळेच महत्त्व येते. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा आणि सिलिंडरांत जादा हवा कोंबणारा पंप. टर्बो हा त्याचा भाऊ, पण तो बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. कसाही असला तरी परिणाम तोच. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त शक्ती. इंदूरचे यशवंतराव होळकर ह्यांनी १९३५ च्या सुमारास ड्यूसेनबर्ग एसजे नावाची जी सुप्रसिद्ध गाडी बनवून घेतली, ती सुपरचार्जरची होती. त्याच इंजिनाची शक्ती सुपरचार्जरशिवाय २६५ अश्वशक्ती आणि त्यासह ३२० अश्वशक्ती, असा कारखान्याचा दावा होता. अशा गाड्या राजेरजवाड्यांनाच परवडत. आज भंगार बाजारात सुपरचार्जर मिळतो, ही गोष्ट चांगली की वाईट हे मला सांगता येणार नाही.

मात्र कोंबलेली हवा फुकट मिळत नाही. ती आधीच तापलेली असते आणि सिलिंडरात आणखी दाबली जाते. ज्योत एका बाजूने पुढे सरकत असताना दुसऱ्या कोपऱ्यातील न पेटलेले मिश्रण इतके तापते व दाबले जाते, की ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता ते एकदम स्वतःच भडकते. मग सिलिंडरात दाबाच्या लाटा उसळतात आणि धातू घंटेसारखा वाजतो. मोटारवाले ह्याला नॉकिंग म्हणतात. पत्र्याच्या डब्यात छर्रे हलवावेत तसा तो आवाज असतो. ह्या लाटा दट्ट्यावरील हवेचा पातळ संरक्षक थर ओरबाडून काढतात, उष्णता थेट अ‍ॅल्युमिनियमात शिरते, आणि काही सेकंदांत काठ वितळतो. साध्या इंजिनात थोडे नॉकिंग झाले तर ते पुष्कळदा निभावून जाते. हवा कोंबलेल्या इंजिनात त्याला क्षमा नाही.

गंमत अशी की बरकतपुऱ्याच्या बस डेपोतून निघणाऱ्या डिझेल गाड्यांना ही चिंताच नाही. त्यांत ठिणगी नसते; इंधन आपण होऊन पेटावे अशीच तेथे योजना असते. एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष.

हैदराबादच्या नावाशी ह्या विषयाचा एक जुना संबंध आहे. निजामाच्या देणगीवरून ब्रिटिश हवाई दलाच्या तुकड्यांना हैदराबादचे नाव देण्यात आले होते. त्यांपैकी १५२ क्रमांकाची तुकडी स्पिटफायर विमाने वापरीत असे आणि २५३ क्रमांकाची तुकडी हरिकेन. दोन्ही विमानांत मर्लिन हे २७ लिटरचे सुपरचार्जरयुक्त इंजिन होते. १९४० साली त्यांना १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळू लागले, तेव्हा त्याच इंजिनात कोंबण्याच्या हवेचा जादा दाब चौरस इंचास सव्वासहा पौंडांवरून बारा पौंडांवर नेता आला. इंधन आपोआप भडकण्यास जितका अधिक विरोध करील तितकी जास्त हवा कोंबता येते, एवढेच त्यातील रहस्य. ऑक्टेनचा आकडा म्हणजे ह्या विरोधाचे माप. तो वाढविण्यासाठी पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळण्याची युक्ती अमेरिकेत टॉमस मिजली ह्यांनी १९२१ साली शोधली. विषारी असल्यामुळे भारतात ती २००० साली बंद झाली. बीएस-६ मानकाच्या पेट्रोलाचा किमान ऑक्टेन ९१ ठेवण्यात आला, आणि २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाचा ९५. इथेनॉलमुळे नॉकिंग कमी होते हे खरे. पण जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण विरळ होते, आणि विरळ मिश्रण पुन्हा उष्णता वाढविते. म्हणून माझ्या विद्यार्थ्याला कार्ब्युरेटरची जेट बदलावी लागली होती.

आता दुसरा उपाय उरतो तो ठिणगीचा. हवेचा जादा दाब जसजसा वाढेल तसतशी ठिणगी उशिरा पाडावी, म्हणजे सर्वांत मोठा दाब जरा खाली उतरतो आणि त्या कोपऱ्यातील मिश्रणाला भडकण्यास अवसर मिळत नाही. चौरस इंचास एका पौंडामागे सुमारे एक अंश, असा गॅरेजवाल्यांचा ढोबळ अंदाज आहे. मग खूपच उशिरा पाडली तर? तर शक्ती जाते, जळते वायू बाहेरच्या नळीत शिरतात आणि ती नळी लाल होते. सुरक्षितपणाची पट्टी अरुंद असते, आणि तिच्या दोन्ही बाजूंस खर्च असतो.

माझ्या विद्यार्थ्याचे कोष्टक मी तपासले. ३००० फेऱ्यांना आणि साध्या हवेच्या दाबाला २४ अंश. अर्ध्या वातावरणाइतका जादा दाब असताना १७ अंश. ४००० फेऱ्यांना तेवढ्याच जादा दाबाला १८. आकडे समंजस होते. गॅरेजचे म्हातारे मिस्त्री, ज्यांना सारे चाचा म्हणतात, ते इतका वेळ बाजूला बसून चहा पीत होते. ते म्हणाले, "मास्टरसाब, ये तो कंप्यूटर बोलताय. करताय क्या नहीं, वो देखना पडता." मी शरमलो. वर्गात मुलांना जे सांगतो तेच मी विसरलो होतो. पडद्यावरचा १८ हा आकडा म्हणजे संगणकाचा हेतू. ठिणगी प्रत्यक्षात कोठे पडली ह्याचा तो पुरावा नव्हे.

पुरावा देणारे साधन तेथेच खिळ्याला टांगलेले होते. त्याला टायमिंग लाइट म्हणतात. पहिल्या सिलिंडराच्या प्लगच्या तारेला त्याचा चिमटा लावला की प्रत्येक ठिणगीबरोबर दिवा क्षणभर लखलखतो. क्रँकच्या टोकाला जी पुली असते तिच्यावर पांढरी खूण करून हा प्रकाश टाकला, तर पुली मिनिटाला हजारो फेरे घेत असली तरी खूण जागच्या जागी उभी दिसते; कारण प्रत्येक वेळी दिवा लागतो तेव्हा ती त्याच ठिकाणी असते. ठिणगी लवकर पडू लागली की खूण एका बाजूस सरकते, उशिरा पडू लागली की दुसऱ्या. पुली १४ सेंटिमीटर व्यासाची असली तर तिच्या काठावर एक अंश म्हणजे सव्वा मिलिमीटरहून किंचित कमी. कागदाची अंशांकित पट्टी चिकटविली की डोळ्यांनी वाचता येते. काही दिव्यांवर अंश मोजण्याची चकती असते. पण ज्या इंजिनात एका आवर्तनात दोनदा ठिणगी पडते तेथे ती चकती फसवू शकते. चाचांचा दिवा साधा होता, हे बरे झाले.

परंतु पट्टीवरील शून्य खरे कशावरून? येथून आमच्या पहिल्या रविवारचे काम सुरू झाले. दट्ट्या अगदी वर केव्हा आला हे डोळ्यांनी ठरविता येत नाही. ८० मिलिमीटरच्या धावेच्या इंजिनात टोकापासून एक अंश फिरले तरी दट्ट्या मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग खाली उतरतो. तेथे तो जणू विसावतो. म्हणून युक्ती अशी करतात की प्लगच्या भोकात एक बोथट अडसर बसवायचा. बॅटरी सोडवून ठेवायची आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवायचे. दट्ट्या अडसराला टेकला की पुलीवर खूण करायची. मग उलट दिशेने फिरवायचे. पुन्हा टेकला की दुसरी खूण. ह्या दोन खुणांच्या बरोबर मध्ये खरे शून्य असते. नववीच्या वर्गात कंस दुभागण्याची जी कृती मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढीत आलो, ती तेलकट पुलीवर करताना मला विलक्षण आनंद झाला. आणि निष्पन्न काय झाले? कारखान्याची खूण तीन अंशांनी खोटी होती. ही पुली जुन्या इंजिनावरूनच नव्यावर चढविलेली होती. अशा पुलीची बाहेरची कडी आतल्या भागाला रबराने जोडलेली असते. जुनेपणाने ते रबर सुटून कडी सरकली होती. संगणक १० म्हणे तेव्हा ठिणगी खरोखर १३ वर पडत होती.

दुसऱ्या रविवारी संगणकाला हुकूम दिला की कोष्टक बाजूला ठेव आणि काहीही झाले तरी १० अंशांवरच ठिणगी पाड. नव्या शून्यावरून पाहता १००० फेऱ्यांना खूण १० वर उभी राहिली. २००० ला ती किंचित हलली. ४००० ला ती १५ वर होती, आणि पडदा मात्र शांतपणे १० दाखवीत होता. कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तो मुलगा हळूच म्हणाला, "तीन आणि पाच, आठ अंश." म्हणजे त्याच्या पहिल्या इंजिनात १८ लिहिले होते तेथे २६ वर ठिणगी पडत होती, तीही कोंबलेल्या हवेत. दट्ट्या का वितळला, हे आता कोणी सांगावयाची गरज नव्हती.

हुकूम एकच असताना वेगाबरोबर खूण सरकते, त्याची कारणे ठराविक असतात. समजा संगणक किंवा ठिणगीचे वेटोळे प्रत्येक वेळी एक दशांश सहस्रांश सेकंद उशीर करते. १००० फेऱ्यांना तो उशीर म्हणजे अवघा ०.६ अंश; ६००० फेऱ्यांना तोच ३.६ अंश होतो. पण अशा उशिराने ठिणगी मागे पडते. आमची तर पुढे पळत होती. तेव्हा शोध वळला क्रँकवरील दातेरी चाकाकडे. ह्या चाकाला दर दहा अंशांवर एक असे ३६ दाते कापावयाचे, आणि मोजणी कोठून सुरू होते हे कळावे म्हणून त्यांतला एक मुद्दाम वगळावयाचा. शेजारी चुंबकाची एक कळ असते. दाता समोरून गेला की तिच्या तारेत विजेचा हेलकावा उठतो. हा हेलकावा शून्यातून झपाट्याने उतरतो तो क्षण पक्का असतो, वेग कितीही असो. पण कळीच्या दोन तारा उलट जोडल्या तर संगणक दुसऱ्याच, निवांत चढणाऱ्या बाजूवर क्षण धरतो. आणि वेग वाढला की हेलकावा मोठा होत असल्यामुळे ती मर्यादा अधिकाधिक लवकर ओलांडली जाते. तारा त्याने स्वतःच जोडल्या होत्या. दोन तारांची अदलाबदल करण्यास चार मिनिटे लागली. नंतर खूण १० वर अशी उभी राहिली की चाचांनी इंजिन ५००० पर्यंत नेले तरी ती हलली नाही.

उरला तो सर्वांत नाजूक भाग. कोंबलेल्या हवेत ठिणगी खरोखर मागे येते का, हे तपासावयाचे कसे? गाडी पळवून पाहावे तर चूक असल्यास दुसरेही इंजिन जायचे. येथे चाचांनी जी तोड काढली ती मला फार आवडली. त्या गाडीत संगणक फक्त ठिणगी पाहतो, पेट्रोलचे काम कार्ब्युरेटर करतो. हवेचा दाब संगणकाला एका रबरी नळीतून कळतो. ती नळी इंजिनापासून सोडवून तिला दाबमापकासह सायकलचा पंप जोडला. इंजिन भाराविना ३००० वर ठेवले. पंप मोकळा असताना खूण २४ वर होती. पंप हळूहळू दाबत अर्ध्या वातावरणापर्यंत नेला, आणि दिव्याच्या उजेडात खूण अंशाअंशाने मागे येऊन १७ वर थांबली. इंजिनाचा आवाजही खाली बसला, कारण बिनगरजेच्या उशिराने त्याचे बळ गेले होते. इंजिनाला खोटे सांगितले, संगणकाने ते खरे मानले, आणि कुणाचेही नुकसान झाले नाही.

मग त्या मुलाने नळीच उपटून टाकली. संगणकाला वाटले, बाहेरचा साधा दाब आहे, आणि त्याने निर्धास्तपणे २४ दिले. म्हणजे शर्यतीच्या भर वेगात ही चार आण्यांची नळी निसटली तर ठिणगी मागे येणार नाही आणि त्याची वर्दीही कोणाला मिळणार नाही. साध्या चिमट्याऐवजी तिला स्क्रूचे पट्टे बसले. कारखान्यातून येणाऱ्या टर्बोच्या गाड्यांत इंजिनाला नॉकिंग ऐकणारा कान बसविलेला असतो, आणि तो ऐकू येताच संगणक ठिणगी मागे घेतो. स्वीडनच्या साब कंपनीने १९८२ पासून अशाच कानाच्या आधाराने हवेचा दाब आवरण्याची योजना वापरात आणली. घरी बनविलेल्या गाडीला तो कान नाही. चाचांनी त्याऐवजी तांब्याची नळी चेपून इंजिनाला बोल्टने घट्ट केली आणि तिचे दुसरे टोक रबरी नळीने कानावरच्या टोपणात आणले. छर्रे वाजू लागले तर पंख्याच्या आणि धुराड्याच्या गोंगाटातही त्यातून ऐकू येतात.

तिसऱ्या रविवारी गाडी रुळांवर चढवून चाके जागच्या जागी फिरविणाऱ्या यंत्रावर नेली. प्रथम पाव वातावरण, मग थोडे अधिक, शेवटी अर्धे. प्रत्येक टप्पा काही सेकंदांचा, आणि दर टप्प्यानंतर प्लग काढून त्याच्या चिनी मातीवर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक ठिपके उठले आहेत का हे भिंगातून पाहणे. ठिपके नव्हते. टोपण कानावर घेऊन चाचा डोळे मिटून बसले होते. ४००० वर एकदा त्यांनी हात वर केला. मुलाने लगेच पाय उचलला. त्या चौकटीतील १८ चे १६ केले. पुन्हा घेतले तेव्हा हात वर झाला नाही.

गाडीच्या बॉनेटच्या आतल्या बाजूस त्याने रंगाने तीन ओळी लिहून ठेवल्या आहेत: खऱ्या शून्याची खूण कोठे आहे, दाते मोजणाऱ्या कळीची कोणती तार कोठे जाते, आणि नळीचे पट्टे शेवटचे कधी आवळले. शेवटची तारीख खडूने लिहिलेली आहे, कारण ती दर आठवड्याला पुसावी लागते.